‘तेलाच्या पातळीच्या वर’ म्हणजे नेमकं कशाच्या वर?

टर्बोचार्जर बसवण्याच्या सूचना कुठल्याही वाचा, त्यात एक ओळ हमखास असते: टर्बोतून परत येणारा तेलाचा पाइप सम्पला तेलाच्या पातळीच्या वर जोडावा. सम्प म्हणजे इंजिनच्या तळाचा तेलाचा डबा. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात, मीही तेच म्हणतो. ही ओळ चुकीची नाही. माझी तक्रार वेगळी आहे. प्रकल्प अहवालांत ती जशीच्या तशी उतरवली जाते, आणि ती कुठल्या परिस्थितीत खरी आहे हे कुणी विचारत नाही. आज समीक्षा या एका ओळीची.

आधी यंत्रणा समजून घ्या. टर्बोच्या बेअरिंगला तेल दाबाने जातं, साधारण ३-४ बारने. बेअरिंगमधून बाहेर पडल्यावर तो दाब संपलेला असतो. पुढचा प्रवास फक्त गुरुत्वाकर्षणावर. शिवाय मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणाऱ्या शाफ्टने ते तेल घुसळलेलं असतं, त्यामुळे परत येतो तो फेस. म्हणून तर आत जाणारी नळी बारीक आणि परतीचा पाइप जाड. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असतात त्या पिस्टनरिंगसारख्या रिंगा. त्या तेल अडवतात, पण रबरी सीलसारख्या नाही. आतल्या आणि बाहेरच्या दाबाचं गणित जमलं तरच अडवतात.

आता पाइपचं तोंड तेलात ५ सेंमी बुडालंय असं धरा. बाहेर ५ सेंमी शुद्ध तेल, पाइपमध्ये मात्र फेस. फेसात निम्मी हवा असेल तर त्याची घनता तेलाच्या निम्मी. बाहेरच्या ५ सेंमीला तोलायला आत १० सेंमी फेस उभा राहावा लागतो. बुडालेली खोली दुप्पट होऊन वर चढते. टर्बो आणि चेंबर यांच्यात सगळी मिळून २५ सेंमी उंची असेल, तर त्यातली १० अशीच गेली. त्यात रिंगांमधून झिरपलेला वायू याच पाइपने खाली सुटायचा असतो, बुडालेल्या तोंडामुळे त्याचीही वाट बंद होते. नियमामागचं खरं कारण हे आहे. ते एका वाक्यात सांगता आलं असतं, पण सूचनांमध्ये क्वचितच सांगितलेलं दिसतं.

पण ‘पातळी’ म्हणजे कुठली? डिपस्टिकवरची पातळी बंद इंजिनची, सपाट जागेवरची. इंजिन चालू झालं की बरंच तेल वर फिरायला जातं आणि पातळी उतरते. इथे नियम आपल्या बाजूने आहे. मग गाडी चाळीसगावहून कन्नड घाटाला लागते. ६० सेंमी लांबीचा, सपाट तळाचा चेंबर धरा. १२ला १ असा चढ असेल तर मागच्या टोकाला तेल २.५ सेंमी वर येतं. फार नाही. जोरात ब्रेक मारला (०.३ जी धरू) तर पुढच्या टोकाला ९ सेंमी! म्हणजे घाटापेक्षा ब्रेक वाईट. दोन-तीन सेकंदांत पाइप दर वेळी भरेलच असं नाही, पण घाट उतरताना ब्रेक एकदाच लागत नाही. लांबीच्या मध्यावर मात्र हा बदल जवळपास शून्य. तोंड किती उंच, याइतकंच ते पुढे-मागे कुठे, हेही महत्त्वाचं. नियमात त्याचा उल्लेखही नाही.

आडव्या बाजूचंही तसंच. क्रँक तळातून फिरताना ज्या भिंतीकडे तेल भिरकावतो, त्या भिंतीत भोक पाडलं तर तोंड पातळीच्या वर असूनही त्यावर तेलाचा मारा होत राहतो. आणि पंपाच्या जाळीशेजारी भोक पाडलं तर फेस थेट पंपात.

(ही माहिती पाठ्यपुस्तकात एके ठिकाणी का मिळत नाही? हेवूडच्या १९८८च्या प्रसिद्ध ग्रंथात टर्बो येतो ६व्या प्रकरणात, वायूंच्या देवाणघेवाणीत. घर्षण आणि वंगण १३व्यात. हा पाइप दोन्हींच्या मधे लोंबकळतो. संशोधनाचे चांगले विषय बऱ्याचदा अशाच फटीत असतात.)

माझा मुख्य आक्षेप पुढे आहे. नियम उंचीबद्दल बोलतो, दाबाबद्दल नाही. जुन्या इंजिनमध्ये झिजलेल्या पिस्टनरिंगांवरून वायू खाली येतो. गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. त्यात ब्रीदर तुंबला की चेंबरमधला दाब वाढतो. हा दाब पाइपच्या उघड्या तोंडातून सरळ टर्बोपर्यंत पोचतो. तोंड पातळीच्या १० सेंमी वर आहे की २०, याने काही फरक पडत नाही. एक किलोपास्कल म्हणजे किरकोळ वाटेल, पण तो सुमारे १२ सेंमी तेलाच्या उंचीइतका आहे. मग टर्बोतून तेल निसटतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि निदान होतं ‘टर्बो गेला’. नवा टर्बो बसतो, काही दिवसांनी पुन्हा धूर. खर्च ट्रकमालकाचा.

आता प्रयोगशाळेतला टेस्ट बेंच आठवा. सपाट, स्थिर, इंजिन चांगल्या अवस्थेतलं. तिथे ही ओळ ‘सिद्ध’ होणारच, कारण ती जिथे मोडते त्या सगळ्या परिस्थिती आपणच बाहेर ठेवल्यात. जळगावचा उन्हाळा तेवढा अहवालात हटकून येतो. पण गरम चेंबरमधलं तेल बाहेरच्या ४५ अंशांना फारसं जुमानत नाही. उलट धुळ्याची डिसेंबरातली पहाट तपासा. पारा दहाच्या खाली, तेल घट्ट, परतीचा प्रवाह मंद.

काय मोजाल? मेडिकलमधली सलाइनची पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वाकवून पाणी भरा. १० सेंमीचा फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. एक मॅनोमीटर डिपस्टिकच्या नळीला, दुसरा परतीच्या पाइपवर टर्बोच्या अगदी खाली, पाइपच्या वरच्या अंगाला छोटी टोटी काढून. दोन्ही आकडे बरोबरीने चढले तर दोष रिंगा किंवा ब्रीदरचा. फक्त टर्बोजवळचा चढला तर पाइप बघा: तोंड बुडतंय, रबरी नळी मधेच झोळ खाऊन बसलीय, किंवा गॅस्केटचा पेस्ट आत सरकून भोक अर्धं झालंय. वाचन थंड इंजिनवर एकदा, गरमवर एकदा घ्या. आणि नळी लांब ठेवा. काही इंजिनांत चेंबरमध्ये उलट ओढ असते, पाणी आत जायला नको.