चित्रकथीची बिदागी

दिवाळी अंक घरात आला म्हणजे तो पहिल्याने कोणाच्या हाती पडावा यावरून झटापट होते, आणि ज्याच्या हाती पडतो तो आधी व्यंगचित्रांची पाने उलगडतो. ही गोष्ट कोणत्याही घरात पडताळून पाहावी. माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला याचा थोडा मत्सर वाटतो. परंतु खरे ते खरे. मात्र त्या चार रेघा काढणाऱ्याची चूल कशावर पेटते, हे कोणी विचारीत नाही. आता ते विचारावयास हवे. कारण चित्रकथा कागद सोडून मोबाइलच्या पडद्यावर गेली आहे, आणि तेथे ती वाचणाऱ्याला तिच्यासाठी वेगळा एक पैसाही मोजावा लागत नाही.

समीक्षेच्या लेखात पैशाच्या गोष्टी कशाला, असे एखादा रसिक म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. पैसा कोणत्या वाटेने येतो, यावर चित्र कसे उतरणार हे पुष्कळसे ठरते. म्हणून वाटेची परीक्षा हीही चित्राचीच परीक्षा होय.

फुकट पाहणे आपल्याकडे नवे नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवीत, एकेक चित्र समोर धरून कथा गात. ऐकणाऱ्याला तिकीट नव्हते. मागे सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता, देवळाचा मान होता. आश्रय सरला तशी कला क्षीण झाली. त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सन्मान थोर खरा, पण सन्मानाने रोजचे दळण येत नाही. आमच्या भीमाकाठच्या जत्रांतूनही हाच प्रकार. तमाशाच्या फडाची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांतून ठरते, पैसे गावच्या वर्गणीतून जातात, आणि खेळ पाहावयास शेजारच्या चार गावांची माणसे फुकट येऊन बसतात. फडवाल्याची त्याबद्दल तक्रार नसते. पाहणारा प्रत्येक जण देत नाही. परंतु देणारे कोणी तरी नक्की असतात.

छापील युगात मराठी चित्रकाराची वर्गणी गोळा करणारा होता संपादक. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ने शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची चित्रे मुखपृष्ठावर आणली; मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने चित्रांना खिडक्या पाडून घरोघरी हशा पिकविला. संपादक मानधन देई, चित्र छापले जाई, व्यवहार तेथे संपे. पण काहींनी निराळे पाऊल उचलले. मडगावकडून मुंबईस आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचे ‘दीपावली’ वार्षिक काढले. बाळ ठाकरे वर्तमानपत्रातली नोकरी सोडून बाहेर पडले आणि १९६० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी भावासह ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू केले. राजकारणातली मते बाजूला ठेवून पाहिले तरी दोघांत एक साम्य दिसते. वाचकाचा पत्ता या चित्रकारांनी आपल्या हाती घेतला. दलालांची रेघ इतरांच्या पुस्तकांवरही देखणीच असे. पण कोणत्या पानावर किती रंग खर्चावा, याचा मुखत्यार ‘दीपावली’त ते स्वतः होते.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मधून निघाला. पुढे त्याची पुस्तके झाली, २०१२ आणि २०१३ साली चित्रपट आले. ‘चिंटू’ची थोरवी विनोदाच्या स्फोटात नाही, तो रोज सकाळी न चुकता भेटे आणि घरातल्या मुलासारखा वागे यात आहे. अशा रोजच्या भेटीतून पात्राला माया मिळते, आणि माया मिळाली की ते वर्तमानपत्राबाहेरही आपल्या पायांवर उभे राहते.

आता इंटरनेटवरच्या चित्रकथेकडे येऊ. तिला वेबकॉमिक म्हणतात. आपल्या राज्यातले ठळक उदाहरण नागपूरच्या रोहन चक्रवर्तींचे. दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या या तरुणाने २०१० साली ‘ग्रीन ह्यूमर’ नावाची वन्यजीवांची चित्रकथा इंटरनेटवर सुरू केली. ती फुकटच वाचावयास मिळे. परंतु पुढे अमेरिकेतल्या ‘गोकॉमिक्स’ने ती घेतली, इंग्रजी वर्तमानपत्रांनी सदर दिले, निसर्गसंस्थांनी अभयारण्यांचे चित्रमय नकाशे काढून घेतले, २०१९ साली पक्ष्यांवरचे ‘बर्ड बिझनेस’ निघाले आणि २०२१ साली निवडक चित्रकथांचा संग्रह पेंग्विनने छापला. म्हणजे एका फुकट झऱ्याखाली चार-पाच पाट निघाले.

हे का साधले? माझ्या मते, विषय एकच धरल्यामुळे. बेडकाची जात चुकत नाही, पक्ष्याची चोच चुकत नाही. म्हणून जाणकार विश्वास ठेवतो, आणि प्राणी माणसाच्या ढोंगावर बोट ठेवतात म्हणून अजाण वाचकही हसतो. दोषही सांगितला पाहिजे. कधीकधी माहिती इतकी दाटते की शब्दांचे फुगे चित्राला कोपऱ्यात रेटतात. माहिती पटवून देण्याची सवय चित्रकथेत उतरली, की ती किंचित पाठ्यपुस्तकी होते. ज्या वाटेने पैसा येतो तिची खूण अशी कलेवर उमटत असावी.

सगळ्यात मोहक वाट जाहिरातीची. इन्स्टाग्रामवर पाहणारे लाखभर झाले की साबणवाला दारी येतो. त्याचे पैसे घेणे पाप नव्हे. फक्त ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही २०२१ साली सांगून ठेवले आहे. पण साबणाची चेष्टा करणारे चित्र त्यानंतर त्या हातून निघणार नाही, हे समजून असावे. शिवाय जी कंपनी आपले चित्र लोकांना दाखविते, तिने उद्या दाखविणे कमी केले तर पाहणारे लाखभर असूनही दुकान बंद.

दुसरी वाट पुस्तकांची. अमेरिकेत रिच बर्लू यांची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही चित्रकथा इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येत होती. तिची संपलेली पुस्तके पुन्हा छापण्यासाठी त्यांनी २०१२ साली वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले. जवळजवळ पंधरा हजार माणसांनी मिळून साडेबारा लाख डॉलरांवर रक्कम दिली. फुकट वाचलेलेच लोकांनी दाम देऊन घरी आणले, कारण आवडलेली गोष्ट फळीवर असावी असे माणसाला वाटते. आपणही कीर्तन फुकट ऐकतो आणि गाथा विकत घेतो.

तिसरी वाट महिन्याच्या वर्गणीची. २०१३ साली निघालेल्या ‘पेट्रिऑन’ने हा व्यवहार जगभर रूढ केला, आपल्याकडे २०१६ पासून यूपीआयमुळे दहा-वीस रुपये पाठविणेही सोपे झाले. हिशेब शाळेतल्या पाढ्याइतका सरळ आहे. पाचशे घरांनी महिना पन्नास रुपये दिले तर पंचवीस हजार होतात. लाख पाहणाऱ्यांपेक्षा पाचशे देणारी घरे मोलाची. ही वाट मला सर्वांत निर्मळ वाटते. येथे चित्रकाराचा धनी एकटादुकटा नसतो, त्यामुळे कोणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. धोका एवढाच, की पाचशे घरांना आवडते तेच पुन्हापुन्हा काढण्याची सवय हाताला जडते. त्या सवयीशी झगडणे हे ज्याचे त्याने करावयाचे.

कोणतीही वाट धरली तरी पायाखालची जमीन आपली हवी. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की कृतीचा पहिला मालक साधारणपणे तिचा कर्ता; पण नोकरीत, नोकरीच्या कामासाठी काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. पैसे देऊन काढून घेतलेल्या रंगचित्रातही वेगळा करार नसेल तर मालकी काम देणाऱ्याकडे जाते. हक्क दुसऱ्याला द्यावयाचे तर ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. शेताचा बांध कोरला गेला तर आपण तलाठ्याकडे धावतो. तरुण चित्रकार मात्र पहिल्या मानधनाच्या आनंदात पात्राचा सातबाराच देऊन बसतो. चित्र छापण्याची परवानगी द्यावी. पात्र, पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क राखून ठेवावेत.

राहिला मराठीचा प्रश्न. इंग्रजीत काढले तर वाचक जगभर. मराठीत काढले तर थोडे. फडणीसांनी शब्दच टाकून भाषेची वेस ओलांडली, पण ‘चिंटू’च्या घरातले बोलणे मराठीतच गोड लागते. माझ्या वर्गातली मुले वहीच्या मागच्या पानावर मास्तरांची चित्रे काढतात आणि खाली नेमके गावचे शब्द लिहितात. ती रेघ कच्ची असते, पण शब्द अस्सल. त्या शब्दांना देणारी पाचशे घरे मराठीत सापडणार नाहीत, असे मानावयास मी तयार नाही. ती शोधण्याची सवय कोणाला लागलेली नाही, इतकेच.

तोवर वाचकाने एवढे तरी करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र पुढे धाडताना कोपऱ्यातली सही कापू नये; ती सही म्हणजे त्या माणसाच्या दुकानाची पाटी आहे. चित्रकाराचे पुस्तक निघाले तर या दिवाळीत फटाक्यांच्या एका पेटीऐवजी ते मुलांच्या हाती द्यावे. आणि घरातले पोर पुढे असेच काही काढू लागले, तर ‘यात पोट भरेल का’ असे विचारण्याआधी, दुसऱ्या कोणाच्या पोराच्या चित्रासाठी आपण आजवर किती दिले, हे एकदा आठवून पाहावे.