पाणबुड्यांची संख्या आणि संभाव्यतेचे गणित : एक चिकित्सा

प्रस्तावना :
आण्विक क्षेपणास्त्रे वाहणारी किमान एक पाणबुडी सदैव समुद्रात असावी, हे धोरण ब्रिटन १९६९ पासून राबवीत आहे. त्यासाठी तीन पाणबुड्या पुरतील की चार लागतील, हा प्रश्न २००६ च्या श्वेतपत्रिकेने खुला ठेवला होता. १८ जुलै २०१६ रोजी हाऊस ऑफ कॉमन्सने ४७२ विरुद्ध ११७ मतांनी चार पाणबुड्यांच्या बाजूने कौल दिला. या प्रश्नाचे संख्याशास्त्रीय उत्तर कितपत विश्वसनीय ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिमानाचे स्वरूप :
या संदर्भातील सर्वांत सोपे साधन म्हणजे द्विपद वितरण होय. उदाहरणादाखल, कोणत्याही दिवशी एखादी पाणबुडी निकामी असण्याची संभाव्यता एक तृतीयांश मानू. तीनही पाणबुड्या एकाच वेळी निकामी असण्याची संभाव्यता ३.७ टक्के, तर चारही निकामी असण्याची १.२ टक्के येते. म्हणजेच चौथ्या पाणबुडीमुळे धोका एक तृतीयांशावर येतो.

गृहीतकाची मर्यादा :
हे गणित पाणबुड्या परस्परस्वतंत्र आहेत या गृहीतकावर उभे आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रिटनच्या चारही पाणबुड्यांचा तळ स्कॉटलंडमधील फासलेन हा एकच आहे. 'व्हॅनगार्ड' ही पाणबुडी २०१५ ते २०२३ या काळात दुरुस्तीत अडकल्याने उरलेल्या तिघींवर गस्तीचा भार वाढला. फेब्रुवारी २००९ मध्ये हीच 'व्हॅनगार्ड' व फ्रान्सची 'ल त्रिओम्फां' यांची अटलांटिक महासागरात टक्कर झाली. एका घटनेवरून सिद्धान्त मांडता येत नाही; तथापि गस्तीची क्षेत्रे यदृच्छेने विखुरलेली असतात, या समजुतीस तिने निश्चितच धक्का दिला.

वरील उदाहरणात सर्व पाणबुड्यांना एकाच वेळी निकामी करणाऱ्या सामायिक कारणाची संभाव्यता केवळ ५ टक्के धरली, तरी तीन पाणबुड्यांसाठी एकूण धोका ८.५ टक्के आणि चारांसाठी ६.२ टक्के होतो. तिपटीचा फरक सुमारे १.४ पटीवर येतो. शिवाय चौथी पाणबुडी उपलब्धता वाढवते. समुद्रात असलेल्या एकमेव पाणबुडीची तगून राहण्याची क्षमता वाढवत नाही. या दोन भिन्न संकल्पना एकाच आकड्यात मिसळणे हा या प्रतिमानाचा मूलभूत दोष होय.

निष्कर्ष :
ताफ्याचा आकार ठरविण्यास संख्याशास्त्र निरुपयोगी आहे, असे नव्हे. परंतु स्वातंत्र्याचे गृहीतक तपासल्याविना काढलेला आकडा धोरणकर्त्यांना खोटी निश्चिती देतो. आणि अण्वस्त्रांच्या बाबतीत अशा निश्चितीची किंमत फार मोठी असते.