शंभरातले ऐंशी गुण

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात फ्रेमांसमोर गर्दी असते. कडेच्या टेबलावर मांडलेली पुस्तके, नियतकालिके, सूचिपत्रे मात्र बहुतेक जण ओलांडून जातात. मी त्या टेबलाच्या बाजूचा माणूस आहे. त्याला साहित्य विभाग म्हणतात. तिथेही परीक्षक असतात, पदके असतात. आणि गुण द्यायची जी रीत आंतरराष्ट्रीय फिलाटेली महासंघाने घालून दिली आहे, ती मला चांगल्या समीक्षालेखासारखी वाचावीशी वाटते. विषयाच्या हाताळणीला ४० गुण. नावीन्य, महत्त्व आणि संशोधनाची खोली यांना मिळून ४०. संदर्भ, सूची, पृष्ठांकन अशा तांत्रिक बाजूला १५. आणि मुखपृष्ठ, छपाई, बांधणी या साऱ्या देखणेपणाला मिळून ५.

६० गुणांना ब्राँझ मिळते, ९५ ला लार्ज गोल्ड. म्हणजे साध्या कागदावर छापलेले चोपडे देखणेपणाचे सगळे गुण गमावूनही ९५ ला पोचू शकते. उलट देखणेपण आणि तांत्रिक सफाई दोन्ही पुरी असली आणि आत काही नसले, तर वीस गुणांवर गाडी थांबते. गावोगावच्या हौशी अभ्यासकाला याहून मोठा आधार कोणता? नांदेडचा निवृत्त पोस्टमास्तर किंवा लातूरचा शाळामास्तर भारी छपाईचा खर्च करू शकणार नाही, पण त्याच्यासाठी ऐंशी गुणांचे दार सताड उघडे आहे.

त्यातही दुसऱ्या चाळिसाची रचना पाहावी. नावीन्य, महत्त्व, खोली हे तीन गुण एकाच कप्प्यात घातले आहेत. एखादी गोष्ट नवी असते पण क्षुल्लक असते. एखादी महत्त्वाची असते पण दहा जणांनी सांगून झालेली असते. एखादीत खूप खोदकाम असते पण हाती काही लागलेले नसते. तिन्ही एका ठिकाणी आले की मगच चाळीस. मराठीत आपण ज्याला चांगला संशोधनपर लेख म्हणतो, त्याची व्याख्या इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी १८६९ साली स्थापन झाली. तिची लेखनासाठीची दोन पदके सर्वांत मानाची. टॅपलिंग पदक सोसायटीच्या नियतकालिकातल्या उत्तम निबंधाला, आणि क्रॉफर्ड पदक ग्रंथाला. टॅपलिंगने आपला तिकिटांचा संग्रह १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. पुढे क्रॉफर्डच्या अर्लने आपले तिकीटविषयक ग्रंथालयही तिथेच दिले. ग्रंथाच्या पदकाला ग्रंथ जमवणाऱ्याचे नाव आहे, हे मला फार नेमके वाटते. आपल्याकडे फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ ची, आणि तिचे नियतकालिकही त्याच वर्षापासूनचे. म्हणजे भारतात तिकिटे जमवणे आणि तिकिटांवर लिहिणे ही दोन कामे जवळजवळ एकत्रच रुजली.

आता ही मोजपट्टी आपल्या घरच्या तिकिटांना लावून पाहू. १८६९ मध्येच, सप्टेंबरात, निजामाच्या राज्याचे पहिले तिकीट निघाले, एक आण्याचे. पुढच्या वर्षी अर्ध्या आण्याचे आणि दोन आण्यांचे तिकीट आले. ही दोन्ही स्थानिक कारागिरांनी कोरलेली. प्लेटवरचे प्रत्येक तिकीट हाताने स्वतंत्र कोरलेले असल्याने एका मूल्याचे २४० वेगवेगळे नमुने तयार झाले. कुठे अक्षराची वेलांटी आखूड, कुठे कडेची रेघ हलकेच वाकलेली. अभ्यासक सुटे तिकीट हातात घेऊन ते तावावर कितव्या ओळीत, कितव्या जागी होते हे ठरवतो. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. मला यात हैदराबादच्या अनाम कारागिराचा हात दिसतो: दिवसभर तेच चित्र पुन्हा पुन्हा कोरताना त्याला आलेला कंटाळा, आणि मध्येच साधलेली एखादी सुरेख ओळ. २४० जागांचा असा तक्ता मांडणे म्हणजे त्या माणसाच्या कामाची नोंद पहिल्यांदा होणे. याला गुण द्यायचे नाहीत तर कशाला द्यायचे?

१८७१ पासूनची तिकिटे अधिक सफाईदार आहेत आणि ती तीसेक वर्षे चालली. त्यांवर मधोमध फारसी लिपी, आणि भोवती इंग्रजी, तेलुगू व मराठी अक्षरे. दरबाराची भाषा तेव्हा फारसी होती. १८८४ मध्ये तिची जागा उर्दूने घेतली. दरबारात मराठीला जागा नव्हती, त्या काळात नांदेड-औशाकडच्या माणसाच्या हातातल्या तिकिटाची किंमत त्याला मराठीत वाचता येत होती. हे तिकीट मी भिंगाखाली धरतो तेव्हा ती बारीक देवनागरी अक्षरे आधी शोधतो. मग प्रश्न सुरू होतात. राज्यात गुलबर्गा, रायचूर, बिदर असा कानडी मुलूख होता, तरी इथे कन्नड का नाही? अक्षरे कोणी लिहून दिली? वळण बाळबोध आहे की मोडीची सवय असलेल्या हाताचे? वर्णन करणारा लेखक ‘चार लिप्यांतील मजकूर’ असे लिहून पुढे जातो. परीक्षकाच्या चाळीस गुणांचा लेखक इथेच मुक्काम करतो.

१९३१ ची चित्रमालिका मला त्याहून प्रिय आहे. चार पै आणि आठ पैंवर चित्र नाही. एक आण्यावर चारमिनार, तपकिरी रंगात. दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर. मग आठ आण्यांवर नारिंगी रंगात अजिंठ्याचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर लाल रंगात बिदरचा मदरसा, आणि एक रुपयावर पिवळ्या रंगात दौलताबादचा मनोरा. हा क्रम मूल्याप्रमाणे लावून पाहावा. मूल्य वाढले की आपण राजधानीबाहेर पडतो. एक, दोन, चार आणे हैदराबाद शहर आणि त्याच्या वेशीवरचा तलाव. त्यापुढे बिदर आणि मराठवाडा. रोजच्या पत्रावर चारमिनारच चिकटायचा. अजिंठा आणि दौलताबाद लागायचे ते वजनदार पाकिटाला किंवा रजिस्टर टपालाला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या पत्रावर त्याच्याच मुलखातली लेणी सहसा नसणार.

हे माझे वाचन आहे. त्याला पुरावा जोडला तरच तो निबंध होईल. पुराव्याची एक वाट दिसते. निजाम सरकारचे पुरातत्त्व खाते १९१४ चे, प्रमुख गुलाम याझदानी. अजिंठ्याची चित्रे सावरायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले ते १९२० च्या सुमारास, आणि याझदानींच्या अजिंठा ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये निघाला. लगेच १९३१ ला अजिंठा तिकिटावर. तिकीट खात्याच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या फायली शेजारी ठेवून हा दुवा जुळवणारा लेख ‘महत्त्व’ या शब्दाला पुरा उतरेल, कारण मग तो फक्त तिकिटाविषयी उरणार नाही. आपला वारसा जगापुढे कसा मांडायचा याचा एका राज्याने केलेला विचार त्यातून वाचता येईल.

नांदेड आणि लातूर निजामाच्या तिकिटांवरच्या चित्रांत नाहीत. नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा भारतीय तिकिटावर आला तो २००८ मध्ये, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला. पण पाकिटांवर ही गावे पहिल्यापासून आहेत, शिक्क्यांच्या रूपाने. आणि माझ्या मते मराठवाड्याचे खरे संशोधन तिथेच आहे. हैदराबादचे तिकीट फक्त राज्याच्या हद्दीत चाले. बाहेर जाणाऱ्या पत्राला ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. आता नकाशा घ्यावा. मनमाडहून सिकंदराबादेला जाणारी मीटरगेज १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेली, म्हणजे नांदेडचे तोंड राज्याच्या आत, राजधानीकडे वळले. लातूरला १९११ मध्ये आली ती बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी, आणि ती पळत होती बार्शीकडे, कुर्डुवाडीकडे, म्हणजे मुंबई इलाख्यात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. कापूस आणि धान्याच्या या पेठेतल्या आडत्याचे पत्र बार्शी-सोलापूरला निघाले की त्याला राज्याचे तिकीट पुरेसे नव्हते. दोन गावांच्या व्यापारी पाकिटांवरची तिकिटे वेगळी निघतात का, कोणत्या वर्षापासून निघतात, हे मांडले की रेल्वेने मराठवाड्याचे दोन तुकडे दोन दिशांना कसे ओढले ते पाकिटांवरून वाचता येईल. जुन्या आडत दुकानांच्या दप्तरात अशी पाकिटे सापडतात तेव्हा तिकीट कापून घेऊन पाकीट फेकून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शिक्का, पत्ता, मार्ग, तारीख असा चार अंगांनी बोलणारा पुरावा तिथेच संपतो.

शिक्के वाचायला उर्दू हवी, आणि निजामी कागद वाचायला फसली सालाची ओळखही. १३४० फसली म्हणजे इसवी १९३०-३१. आजूर, दै, बहमन हे महिने आपल्याकडच्या जुन्या तलाठ्यांना पाठ असत. ही विद्या मराठवाड्यात अजून काही घरांत आहे. लंडनच्या अभ्यासकाला ती कष्टाने मिळवावी लागते, आपल्याला ती आजोबांच्या जमिनीच्या जुन्या कागदांपाशी मिळते. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात पुराव्यानिशी बोलण्याची शिस्तही नव्याने शिकवायला नको.

विषयाची निवड करायची झाली तर मी १७ सप्टेंबर १९४८ ते ३१ मार्च १९५० हा काळ घेईन. हैदराबाद भारतात आले, पण राज्याचे टपाल आणि त्याची तिकिटे लगेच गेली नाहीत. १ एप्रिल १९५० ला भारतीय टपालाने कारभार घेतला. मधले दीड वर्ष निजामाचे तिकीट लावलेली पत्रे भारतातल्या गावातून भारतातल्या गावाला जात होती. मराठवाड्यात मुक्तिसंग्रामावर खूप लिहिले गेले. या दीड वर्षाच्या टपालाकडे मात्र इतिहासाच्या नजरेने पाहायला हवे. देगलूर, कंधार, उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा: एकेक गाव घ्यायचे, तिथल्या पाकिटांवर निजामी तिकिटाची शेवटची तारीख आणि भारतीय तिकिटाची पहिली तारीख शोधायची, आणि जिल्ह्याचा तक्ता करायचा. सत्तांतर हैदराबादेत एका दिवसात झाले. खेड्यातल्या पोस्टाच्या खिडकीपर्यंत ते पोचायला किती दिवस लागले, हे त्या दोन तारखांमधले अंतर सांगेल. असा तक्ता नांदेड-लातूरच्या एखाद्या अभ्यासकाने केला, तर तो सायक्लोस्टाइल कागदावर आला तरी मी त्याला दुसरे चाळीसच्या चाळीस गुण देईन.