पेशी अमर झाल्या, माणसांचें काय?

रिबेका स्क्लूट या अमेरिकन लेखिकेचें ‘द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ हें पुस्तक २०१० सालीं प्रसिद्ध झालें, व त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. ती योग्यच होय. परंतु पुस्तक मिटतांना वाचकाच्या मनांत जो संताप उरतो, त्याचा रोख योग्य ठिकाणीं आहे कीं नाहीं, हें पाहणें अवश्य आहे.

हेन्रिएटा ही तंबाखूच्या शेतांत राबलेली, पांच मुलांची कृष्णवर्णीय आई. १९५१ च्या आरंभीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें ग्रासलेली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत गेली; कारण त्या भागांत कृष्णवर्णीयांस घेणारें मोठें रुग्णालय तेवढेंच होतें, आणि तेथेंही त्यांचे कक्ष निराळे. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षीं, ती वारली. तिला न विचारतां घेतलेल्या पेशी डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत अखंड वाढूं लागल्या; ‘हेला’ या नांवानें जगभर गेल्या, पोलिओच्या लशीच्या कामीं आल्या, विकल्याही गेल्या. इकडे तिच्या मुलांस स्वतःच्या दुखण्याचा खर्च झेपेना!

लेखिकेचा प्रामाणिकपणा असा कीं, हेन्रिएटास मिळालेला रेडियमचा उपचार हा त्या काळचा रूढ उपचारच होता, हें ती लपवीत नाहीं. तेव्हां अन्याय रोगशय्येपाशीं कमी, तिच्या अलीकडे व पलीकडे अधिक. आईच्या पेशींनीं एवढें साधलें, मग आम्हांसच उपचार कां परवडूं नयेत, असें मुलें ग्रंथांत विचारतात. लेखिका मात्र अखेरीस संमतीचा व मालकीचाच खल करते. आमच्या मतें ही अर्धीच बाब होय. हेन्रिएटानें होकार दिला असता, तरी मुलांच्या दारीं औषध आलें असतें काय? २०२३ सालीं एका कंपनीनें कुटुंबाशीं तडजोड केली. पण ती एका घरापुरती.

हा प्रश्न आपणांसही परका नाहीं. या रोगास कारण होणाऱ्या एका विषाणूचा अंश हेन्रिएटाच्याच पेशींत सांपडला. अशा विषाणूंचा शोध घेणारी चाचणी उस्मानाबाद जिल्ह्यांत केली गेली. १,३१,७४६ स्त्रियांच्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गटास ती एकदांच मिळाली, त्यांत या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यानें घटले. ज्ञान गरिबाच्या देहांतून निघालें. तें गरिबाच्या दारीं पोंचेल, तेव्हांच ऋण फिटलें म्हणावयाचें. ग्रंथ हें उत्तर देत नाहीं. पण प्रश्न विसरूंही देत नाहीं, म्हणून तो घरोघर वाचला जावा.