पुसलेल्या लेखाचे दोन पाठ : गोल्स्टन स्ट्रीट प्रकरणातील पोलिसांच्या जबान्यांची चिकित्सा

इ. स. १८८८ च्या शरद ऋतूत लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात झालेल्या खुनांविषयी आजवर विपुल लेखन झालेले आहे. त्यातील बहुतेक लेखन ‘खुनी कोण?’ ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत टिपणाचा विषय तो नाही. एकाच स्थळी, एकाच वस्तूविषयी दोन पोलिसांनी शपथेवर दिलेल्या जबान्या परस्परांशी जुळत नसतील, तर अभ्यासकाने त्यांचे मोल कसे ठरवावे, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

घटना थोडक्यात अशी. ३० सप्टेंबर १८८८ रोजी पहाटे पावणेदोनच्या सुमारास मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरिन एडोज ह्या स्त्रीचे प्रेत गस्तीवरील शिपायास आढळले. तिच्या अंगावरील एप्रनचा एक तुकडा कापून नेलेला होता. २ वाजून ५५ मिनिटांनी आल्फ्रेड लाँग ह्या शिपायास तो रक्ताने भिजलेला तुकडा गोल्स्टन स्ट्रीटवरील एका चाळवजा इमारतीच्या प्रवेशद्वारात सापडला. जवळच भिंतीवर खडूने काही ओळी लिहिलेल्या होत्या. साडेपाचच्या सुमारास पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरेन ह्यांच्या आज्ञेने त्या पुसण्यात आल्या. छायाचित्र घेतले गेले नाही. मूळ लेख अशा रीतीने नष्ट झाल्यामुळे आज उरल्या आहेत त्या केवळ त्याच्या नकला.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मायटर स्क्वेअर ‘सिटी’ पोलिसांच्या हद्दीत येतो, तर गोल्स्टन स्ट्रीट मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या. लाँग हा मेट्रोपॉलिटन दलाचा शिपाई होता. दुसरा साक्षीदार, डॅनियल हॉल्स, हा सिटी दलाचा गुप्त पोलीस होता. लेख राखून त्याचे छायाचित्र घ्यावे असा आग्रह सिटी दलाचा होता, आणि तो पुसणारे दल दुसरे होते. ११ ऑक्टोबर रोजी कॉरोनरपुढे झालेल्या चौकशीत लाँगला अडचणीचे प्रश्न विचारणारे क्रॉफर्ड हे सिटीचेच वकील होते. साक्षीदार कोणत्या बाजूचा आहे हे पाहिल्यावाचून साक्षीचे वजन करता येत नाही.

आता पाठभेद पाहू. लाँगच्या जबानीनुसार लेखाचा आशय, ‘ज्यू हे असे लोक आहेत, की ज्यांना उगाच दोष दिला जाणार नाही’, असा होतो. हॉल्सच्या मते तो, ‘उगाच दोष दिला जाईल असे लोक ज्यू नव्हेत’, असा आहे. इंग्रजीत हा सारा भेद ‘नॉट’ ह्या एका शब्दाच्या स्थानाचा आहे. दुसरा भेद वर्णलेखनाचा. हॉल्सने ‘ज्यू’ ह्या शब्दाचे अनेकवचन जे, यू, डब्ल्यू, ई, एस असे विलक्षण रीतीने लिहिलेले सांगितले. लाँगची टिपणवही मागवली असता तीत तो शब्द रूढ पद्धतीनेच लिहिलेला आढळला. तो चुकीचा लिहिलेला असल्याचे आपल्या निरीक्षकाने नंतर निदर्शनास आणले, असे लाँगने सांगितले. ‘नॉट’ शब्द चुकीच्या जागी पडला असणे शक्य आहे, पण आपल्याला तसे वाटत नाही, असेही तो म्हणाला.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे आपल्या अभ्यासकांना एक तत्त्व परिचित आहे : नकलाकार अपरिचित रूपाचे परिचित रूप करतो, त्याच्या उलट सहसा करीत नाही. ह्या न्यायाने वर्णलेखनापुरता हॉल्सचा पाठ ग्राह्य ठरतो. वॉरेन ह्यांनी ६ नोव्हेंबरच्या अहवालासोबत गृहखात्यास जी नक्कल पाठविली, तीतही तेच विलक्षण रूप आहे. परंतु त्याच नकलेत ‘नॉट’ हा शब्द लाँगने सांगितलेल्या जागीच आहे. लेख पुसण्याच्या कारणांविषयी वॉरेन हे हितसंबंधी साक्षीदार आहेत. मात्र त्या शब्दाचे स्थान बदलण्यात त्यांचा कोणताच लाभ दिसत नाही. शिवाय लाँगची नोंद सर्वांच्या आधीची, इतर कोणाचे मत कानी पडण्यापूर्वीची आहे. हॉल्स मात्र लेखाजवळ बराच वेळ पहाऱ्यावर होता व त्याने तो पुसला जाण्यापूर्वी टिपून घेतला होता. तात्पर्य, शब्दक्रमाचा कौल लाँगकडे झुकतो. निर्णय मात्र होत नाही. एक साक्षीदार एका बाबतीत चुकला म्हणून दुसऱ्या बाबतीतही चुकलाच असला पाहिजे, हा क्रॉफर्ड ह्यांच्या प्रश्नांतून सूचित होणारा तर्क टिकत नाही.

दुसरी बाब वेळेची. आपण २ वाजून २० मिनिटांनी तेथून गेलो तेव्हा तुकडा तेथे नव्हता, असे लाँग ठामपणे सांगतो. हॉल्सही सुमारे त्याच वेळी त्या रस्त्याने गेला होता. परंतु तुकडा इमारतीच्या आत असल्याने तो आपल्या दृष्टीस पडलाच असता असे नाही, अशी प्रांजळ पुस्ती तो जोडतो. अनेक लेखक ह्या दोन जबान्या एकमेकींस पूरक मानून, खुनी अर्ध्या तासाहून अधिक काळ त्या परिसरात वावरत होता, असा निष्कर्ष काढतात. हा सरळ हेत्वाभास आहे. ‘नव्हता’ आणि ‘दिसला नाही’ ही दोन भिन्न विधाने होत. पहिले एकट्या लाँगचे आहे, आणि आधीच्या फेरीत तुकडा नजरेतून सुटला असता तर ठपका त्याच्यावरच आला असता, हेही विसरता येत नाही. म्हणून त्याला खोटे ठरवावे असे नव्हे. परंतु त्या एका विधानावर सबंध कालक्रम उभा करणे सयुक्तिक नाही.

ह्या चिकित्सेचा उपयोग काय, असा प्रश्न येईल. वॉरेन ह्यांनी लेख पुसला तो, रविवारच्या बाजाराला लोटणाऱ्या गर्दीने तो वाचल्यास ज्यू वस्तीवर हल्ले होतील, ह्या भयाने. ती भीती अकारण नव्हती. परंतु केवळ वरची ओळ पुसावी ही सूचनाही त्या पहाटे पुढे आली होती. ती मानली असती तर वस्तीचे रक्षण होऊन पुरावाही बहुतांशी राहिला असता. पुरावा गेल्यामुळे संशय मात्र गेला नाही. ‘नॉट’च्या एका स्थानावरून त्या समाजावर आरोप आणि दुसऱ्यावरून त्याचा बचाव, असे वाद पुढील काळात होत राहिले. वस्तुतः लंडनच्या बोलीत दुहेरी नकार बहुधा केवळ जोर देण्यासाठी येतो. त्यामुळे कोणताही पाठ घेतला तरी अर्थ संदिग्धच राहतो. लेख खुन्यानेच लिहिला हेही सिद्ध नाही. तो ताजा असावा असे हॉल्सने अनुमान केले, ते इतक्या रहिवाशांच्या वर्दळीत जुना लेख टिकला नसता ह्या तर्कावर; लाँगने त्याविषयी मत देण्याचे नाकारले.

दोन जबान्या विसंगत असतात तेव्हा त्यांतील एक निवडून दुसरी टाकण्याचा मोह होतो. किंवा दोहोंची सरमिसळ करून तिसरीच, कोणीही न दिलेली जबानी तयार होते. प्रत्येक विधान त्याच्या कर्त्याशी, वेळेशी आणि हितसंबंधाशी जोडून वेगवेगळे तोलणे हाच मार्ग उरतो. तसे केल्यावर ह्या प्रकरणात निश्चित म्हणून हाती येते ते फार थोडे : तुकड्याची जागा, तो सापडल्याची वेळ, आणि एका शब्दाचे विलक्षण वर्णलेखन. एवढ्या पुराव्यावर एखाद्या व्यक्तीसही दोषी ठरविता येणार नाही; मग समाजाची गोष्टच नको.