विनोदी कादंबरीतील आश्रयदाता

नारायणगुड्यासारख्या भागातील महाविद्यालयांत तेलुगू, उर्दू व मराठी मातृभाषेचे विद्यार्थी एकत्र शिकतात. इंग्रजी उपरोधिक कादंबरी शिकवताना त्यांना पात्रांच्या लकबी सांगितल्या जातात. त्यामागील अर्थकारण बहुधा बाजूस राहते.

जेन ऑस्टिन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधील कॉलिन्सला निव्वळ बावळट मानणे पुरेसे नाही. त्याचे धर्मगुरुपद लेडी कॅथरीन यांनी दिलेले आहे, म्हणून तो वाकतो. हैदराबाद संस्थानात नोकरी केलेले डेप्युटी नझीर अहमद यांच्या 'इब्नुल वक्त' (१८८८) या उर्दू कादंबरीचा नायक नोबल साहेबांच्या आश्रयाने इंग्रजी राहणी स्वीकारतो व कर्जबाजारी होतो. नोबल विलायतेस परततात. नवे अधिकारी शार्प यांना तीच राहणी उद्धटपणाची वाटते.

ऑस्टिन यांचा रोख खुशामतीवर, तर नझीर अहमद यांचा अनुकरणावर आहे. हास्याचे मूळ मात्र दोन्हीकडे परावलंबनातच सापडते. कॉलिन्सचा आश्रय टिकतो, त्यामुळे तो अखेरपर्यंत हास्यास्पद राहतो. इब्नुल वक्तचा आश्रय तुटतो आणि वाचकाला त्याची कीव येते. वसाहतीत आश्रयदाता बदलला की प्रतिष्ठाही जाते, हे यातून दिसते.

तेव्हा अध्यापकांनी वर्गात प्रथम विचारावे : या पात्राचे पोट कोणाच्या मर्जीवर चालते?