या गप्पांना कल्याण नाही

माझा पुतण्या पुण्याला एका संगणक कंपनीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ती "लॅपटॉपवर असतो" एवढंच सांगते. 2025 च्या जुलैत एका शनिवारी तो आमच्याकडे कर्जतला आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "काका, तुम्ही पॉडकास्ट ऐकतच नाही?"

"ऐकतो की. कालच दोन ऐकले," मी ठोकून दिलं. वास्तविक पॉडकास्ट हे खाण्याचं नाव आहे की डासांच्या औषधाचं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. पुतण्याने ते ओळखलं, माझ्या कानांत दोन पांढरी बोंडं खुपसली आणि मोबाइलवर बोट टेकवलं.

तीन मित्र गप्पा मारत होते. विषय होता पॉप संगीत, सेलिब्रिटी आणि संस्कृती. तिन्ही विषय पहिल्या पाच मिनिटांत संपले. कार्यक्रम मात्र दोन तास दहा मिनिटांचा होता.

2025 च्या जानेवारीत नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या इंग्रजी बँडचे तीन कार्यक्रम झाले. या तिघांपैकी एकाला त्याचं तिकीट मिळालं होतं, दोघांना मिळालं नव्हतं. ज्याला मिळालं होतं तो चाळीस मिनिटं बोलला. ज्यांना मिळालं नव्हतं ते पन्नास मिनिटं बोलले. गाण्यांबद्दल कुणीच काही बोललं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. एक म्हणाला, "काय व्हाइब होती!" दुसरा म्हणाला, "व्हाइबच होती!" तिसऱ्याने "नुसती व्हाइब!" असं म्हणून त्या विषयावर पडदा टाकला. मग तिघंही खूप हसले. कशाला हसले हे पाहायला मी तो भाग मागे घेऊन पुन्हा ऐकला. तिथे काहीही नव्हतं.

"कसं वाटलं?" पुतण्याने विचारलं.

आता पस्तीस वर्षं कर्जत लोकलच्या खिडकीशी बसलेला माणूस आपोआप समीक्षक होतो. तेव्हा मी माझं मत दिलं. म्हटलं, अरे, आपल्या कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या का थांबतात? घाट चढवायला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात म्हणून. तेवढ्या थांब्यात लोक वडे खातात. पण ती इंजिनं घाटापुरतीच. तुमच्या पॉडकास्टात सगळीच बँकर इंजिनं. एक बोलायला लागला की बाकीचे दोघे मागून "हो ना", "खरंय", "एकदम" करत ढकलतात. समोर चढ तरी आहे की नाही, कोण बघतो! आणि पाहुणा सेलिब्रिटी असला तर विचारूच नका. त्याला त्याच्या संघर्षाबद्दल विचारायचं आणि तो सांगत असताना श्वास रोखून बसायचं. "तुमचं ते गाणं मला आवडलं नाही" असं म्हणणारा एक तरी माणूस खोलीत नको का?

बोललो खरा, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना पुढचा भागही ऐकला. आमच्या हिने विचारलं, "कुणाशी हसताय?" तेव्हा कळलं, की मीही हसत होतो. त्या पोरांच्या आवाजात ओलावा होता. अगदी कानाशी येऊन बोलतात, त्यामुळे माणसाला वाटतं आपणही त्यांच्यातलेच. आणि मराठीतल्या पॉडकास्टांची नावं तरी बघा, 'मित्रम्हणे' काय, 'अमुक तमुक' काय. नाव वाचूनच पाय पसरून बसावंसं वाटतं.

पुतण्याने मला शब्दाची कुळकथाही सांगितली. 2001 साली 'आयपॉड' नावाची गाणी ऐकायची डबी निघाली. तिच्यातला 'पॉड' आणि 'ब्रॉडकास्ट'मधला 'कास्ट' जोडून 2004 साली 'गार्डियन'मधल्या एका लेखात हा शब्द अवतरला. 2022 साली ती डबी बंद झाली, शब्द राहिला. मला यात नवल वाटलं नाही. बिनाका टूथपेस्टने आता कोण दात घासतं? पण गीतमाला अजून कानात आहे.

गप्पा ऐकण्याचा हा शौकही नवा नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे पंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. तिघं घरात बसल्यासारखे बोलायचे आणि आम्ही त्यांच्याच घरात असल्यासारखे ऐकायचो. ते सगळं लिहिलेलं असतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. हल्लीच्या गप्पा लिहिलेल्या नसतात, हे पाच मिनिटांत कळतं.

आणि आमचा स्वतःचा कार्यक्रम तर रोजच व्हायचा. मास्तर खोपोलीहून लोकलने येत आणि रुमाल टाकून आमच्या जागा धरत. अण्णा खालापूर तालुक्यातल्या चौकहून एस.टी.ने कर्जतला पोचत. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळाचे टाळ सुरू झाले, की इकडे आमचाही गजर सुरू. लता की आशा, रफी की किशोर, नाट्यगीत की भावगीत. नेरळ येईपर्यंत प्रस्तावना, बदलापूरपर्यंत मुद्दे, उल्हासनगरला गुद्दे. मास्तरांची शाळा कल्याणला. कल्याण आलं की वाक्य असेल तिथे तोडून मास्तर उतरत. कितीदा तरी ते खिडकीतून ओरडत, "उद्या सांगतो तुम्हाला!" मग दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही मनात उत्तरं जुळवत बसायचो. चर्चेला असं एक कल्याण लागतं. या दोन तास दहा मिनिटांच्या गप्पांना कल्याणच नाही.

हे सगळं ऐकून पुतण्याचे डोळे चमकले. "काका, तुम्ही तिघं माझ्या पॉडकास्टवर या!"

पुढच्या शनिवारी आमच्या माडीवर तीन माइक लागले. माडीवर पत्रे आहेत आणि जुलैत कर्जतचा पाऊस पत्र्यावर पडत नाही, आदळतो. पुतण्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, खालचा फ्रिजसुद्धा बंद करायला लावला. आमच्या हिने परवानगी दिली, पण दुधाची जबाबदारी माझ्यावर टाकून. अण्णांनी स्टेशनवरून दिवाडकरांचे वडे आणले होते. चावल्याचा आवाज येतो म्हणून तेही दूर ठेवले. उकाड्यात, उपाशीपोटी, समोर वड्यांचा वास दरवळत असताना आम्ही संस्कृतीवर बोलू लागलो.

मी अर्थातच जुन्या काळाची बाजू घेतली. 2024 साली गल्लोगल्ली वाजलेल्या संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'वर सडकून टीका केली. मग भरल्या आवाजात म्हणालो, "आमच्या लहानपणी, साठच्या दशकात, दर बुधवारी रात्री आठला विविध भारतीवर बिनाका गीतमाला लागायची. तेव्हा संगीत हे संगीत होतं, कारण सरकारी रेडिओने ते जपलं होतं!"

"सिलोन," मास्तर म्हणाले.

"काय?"

"रेडिओ सिलोनवर लागायची. विविध भारतीवर आली 1989 साली. तोवर तुम्हाला टक्कल पडलं होतं." अण्णा खो खो हसले. मास्तर थांबले नाहीत. "आणि सरकारने जपलं म्हणता? 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आपलेच, मराठी. सिनेमाची गाणी हलकी, म्हणून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. त्याच वर्षाच्या अखेरीला सिलोनवर अमीन सयानी बोलायला लागले. लोकांनी काय केलं? बटण फिरवलं! शेवटी 1957 साली सरकारला विविध भारती काढावी लागली. तुम्ही ज्याला सोनं म्हणता ना, त्याला तेव्हाचे शहाणे लोक पितळच म्हणत होते. आज माझी नात त्या 'गुलाबी साडी'वर नाचते तेव्हा तुम्ही केसकर होता, एवढंच."

मला उत्तर सुचलं नाही. पाऊस तेवढा वाजत राहिला.

रात्री पुतण्या लॅपटॉप घेऊन बसला. "आधी नॉइज काढतो," म्हणाला आणि एक बटण दाबलं. पाऊस थांबला. कर्जतच्या जुलैतून पाऊस काढून टाकलेला मी प्रथमच पाहत होतो. मग त्याने अण्णांचा खोकला काढला, माझे 'अं अं' काढले, मधल्या शांतता काढल्या. मी थक्क होऊन पाहत होतो. इतक्यात तो म्हणाला, "काका, मास्तरांचं ते सिलोनचं जबरदस्त झालंय हं. सुरुवातीलाच लावू?"

"जरा लांबलंय ते," मी म्हणालो.

"अहो, सगळ्यात भारी तेच आहे!"

"काढ म्हणतो ना. तेही नॉइजच आहे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काढलं.

भाग प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वेळा ऐकला गेला. त्यातले अकरा वेळा माझेच. आवाज स्वच्छ, विचार सुसूत्र, मी तर अगदी विद्वान वाटत होतो. बाराव्या वेळी मात्र मी माझ्याऐवजी मास्तरांकडे कान दिला. पाऊण तासात मास्तर काय बोलले होते? "हो." "खरंय." "बरोबर." बँकर इंजिन! पस्तीस वर्षं माझ्या प्रत्येक वाक्याला समोरून धडक देणारा माणूस मी एका रात्रीत मागे लावून टाकला होता. ज्या पोरांना मी नावं ठेवली, त्यांच्यात निदान कुणी कुणाला कापलं नव्हतं. ते एकमेकांशी मनापासून सहमत होते. मी सहमती कात्रीने तयार केली होती.

मास्तरांचा फोन आला नाही. दर शनिवारी येणारे मास्तर दोन शनिवार आले नाहीत. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "त्यांनी ऐकलं. आवाज छान आलाय म्हणाले. फक्त आपण तिथे होतो की नव्हतो, असं विचारत होते."

तिसऱ्या शनिवारी मी खोपोली लोकल पकडली. पळसदरीपर्यंत एक वाक्य जुळवलं, केळवलीला ते मोडलं. खोपोलीला उतरलो तेव्हा हातात फक्त वड्यांचा पुडा होता. मास्तर दारातच उभे होते. माझ्याकडे, मग पुड्याकडे पाहून म्हणाले, "सिलोन की विविध भारती?"

"सिलोन," मी म्हणालो.

"या आत."

त्याच रात्री मी पुतण्याला फोन करून मास्तरांचं सगळं परत घालायला सांगितलं. "आणि पाऊसही," म्हटलं. तो म्हणाला, "काका, पावसात बोलणं नीट कळणार नाही." मी म्हणालो, "लोकलमध्ये कुठे कळायचं?" एक्सप्रेसवेवर खालापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत त्याने तो नवा भाग पुन्हा ऐकला आणि तिथूनच फोन केला, "काका, आता खरे मित्र वाटताय. तुमची मात्र फारच फजिती झालीय." हे त्याने एवढ्या आनंदाने सांगायला नको होतं.

आता आमचा भाग दर महिन्याला होतो. फ्रिज चालू असतो, वडे आधी खाल्ले जातात. नियम एकच. तास झाला की अण्णांनी "कल्याण!" असं ओरडायचं आणि ज्याचं वाक्य जिथे असेल तिथे तोडायचं. परवाच्या भागात ते नेमकं माझं तुटलं. मास्तर साफ चुकत होते आणि मी ते सिद्ध करणारच होतो.